पिंजऱ्यांतील वाघ व पनवेलचें रान

मुंबई बेटाच्या जुन्या इतिहासांत एक लहानशी नोंद सांपडते. १८२२ सालीं एक वाघ मलबार टेकडीवरून खालीं उतरला, गवालिया तळ्यावर पाणी प्याला आणि आपल्या वाटेनें निघून गेला. त्या गोष्टीस चाळीस वर्षें लोटलीं आणि १९ नोव्हेंबर १८६२ रोजीं भायखळ्यास एक सार्वजनिक उद्यान खुलें झालें. लोकांनीं त्याला राणीची बाग असें सुटसुटीत नांव दिलें. १८९० मध्यें बागेला आणखी सुमारें पंधरा एकर जमीन जोडण्यांत येऊन तेथें जनावरांची व्यवस्था झाली. ज्या शहरांत वाघ पाणी पिण्यास आपण होऊन येत असे, त्याच शहरांतील माणसें आतां जनावरें पाहण्यासाठीं पैसे व वेळ खर्चून घराबाहेर पडूं लागलीं. माणूस व वाघ यांच्या नात्यांत एका माणसाच्या हयातींत एवढा पालट झाला. प्राणिसंग्रहालयांत येणारास वाघाविषयीं काय शिकवावें, ह्या प्रश्नाचें उत्तर ह्या पालटाच्या इतिहासांत शोधावें लागतें.

हा इतिहास पाहण्यास पनवेल हें मोठें सोयीचें ठिकाण आहे. आगगाडी होण्यापूर्वीं मुंबईहून पुण्यास निघालेला वाटसरू होडींत बसून खाडीमार्गें पनवेल बंदरास येई आणि तेथून बोरघाट चढून देशावर जाई. ह्या वाटेच्या एका टोकास, पुण्यांत, पेशव्यांचा शिकारखाना होता. दुसऱ्या टोकास पुढें राणीची बाग झाली. मध्यें पनवेल, आणि त्याच्या भोंवतीं कर्नाळा, प्रबळगड, माणिकगड व माथेरान हे रानानें वेढलेले डोंगर. एका टोकाचा वाघ राजाचा बंदी, दुसऱ्या टोकाचा नगरपालिकेचा बंदी; मधल्या डोंगरांतील वाघ मात्र कोणाचाच नव्हता. १८८२ व १८८३ सालीं प्रसिद्ध झालेल्या ठाणें व कुलाबा जिल्ह्यांच्या गॅझेटिअरांत वन्य प्राण्यांमध्यें वाघाचें नांव आहे. पनवेल तालुका त्याच सुमारास ठाण्यांतून कुलाब्यांत आला. तालुक्यांतील वाघिवली ह्या नांवांत वाघ अजून ऐकूं येतो. त्या गांवच्या वाघिवलीवाडा ह्या वस्तीची जागा आतां नव्या विमानतळाखालीं गेली आहे.

प्रथम पुण्याच्या टोकाकडे पाहावें. सवाई माधवराव पेशव्यांस पशुपक्ष्यांची मोठी हौस होती. पर्वतीच्या पायथ्याशीं त्यांनीं जो शिकारखाना बाळगला होता, त्यांत वाघ, सिंह व गेंडा अशीं जनावरें होतीं. गंगाराम तांबट ह्या पुण्याच्या चित्रकारानें १७९० सालीं त्यांतील गेंड्याचें चित्र काढलें. गंगाराम हा दरबारांतील इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याच्यासाठीं काम करी. त्याचीं चित्रें आज अमेरिकेंतील येल विद्यापीठाच्या कलासंग्रहांत आहेत. त्या चित्रांतून दिसणारी बारीक नजर खऱ्या अभ्यासकाची आहे. परंतु शिकारखान्याचा हेतु अभ्यास हा नव्हता. दूरदेशचा वकील आला म्हणजे त्यास हत्ती, जडजवाहीर व फौज जशी दाखवावी, तसाच वाघहि दाखवावा. वाघ हें राज्याच्या वैभवाचें चिन्ह होतें, आणि पाहणाऱ्यानें त्यापासून एकच बोध घ्यावयाचा : ज्यानें असलें जनावर साखळींत ठेविलें, त्याचें सामर्थ्य केवढें!

पेशवाई बुडाली आणि वाघाकडे पाहण्याची दृष्टीहि बदलली. इंग्रजी अंमलांत वाघ हा शेतीच्या विस्तारास आड येणारा उपद्रवी प्राणी ठरला. त्याला मारणारास सरकारी खजिन्यांतून बक्षीस मिळे. आणि जें काम खेड्यांतील शिकारी पैशासाठीं करी, तेंच साहेब व संस्थानिक हौसेसाठीं करीत. इतिहासकार महेश रंगराजन यांच्या अंदाजाप्रमाणें १८७५ ते १९२५ ह्या पन्नास वर्षांत हिंदुस्थानांत ८०,००० हून अधिक वाघ मारले गेले. हा आंकडा केवळ वाचून पुढें जाण्यासारखा नाहीं. आज साऱ्या देशांत जितके वाघ आहेत, त्यांच्या वीसपटींहून अधिक वाघ त्या पन्नास वर्षांत बंदुकीस, विषास व सापळ्यास बळी पडले.

त्याच काळांत ज्ञानाचा एक बारीक झराहि वाहूं लागला होता. १८८३ च्या सप्टेंबरांत मुंबईंत आठ गृहस्थांनीं एकत्र येऊन बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी ही संस्था स्थापिली. त्या आठांत डॉ. आत्माराम पांडुरंग व डॉ. सखाराम अर्जुन हे दोघे मराठी वैद्य होते. संस्थेच्या प्रारंभींच्या सभासदांत शिकाऱ्यांचा भरणा मोठा असला, तरी प्राणी कोठें राहतो, काय खातो, त्याचीं पिल्लें केव्हां होतात, ह्याचें टिपण ठेवण्याची संवय तिनें लावली. पुढें जेव्हां वाघाच्या रक्षणाचा प्रश्न आला, तेव्हां अशा टिपणांचें मोल लोकांस कळलें.

सामान्य माणसाच्या वांट्यास मात्र हें ज्ञान आलें नाहीं. त्याला वाघ भेटला तो राणीच्या बागेंत किंवा सर्कशींत. १८८० सालीं विष्णुपंत छत्रे यांनीं आपली सर्कस उभी केली आणि मराठी माणसाच्या धाडसाचें देशोदेशीं कौतुक झालें. तें कौतुक योग्यच होतें. परंतु तंबूंत बसलेल्या मुलाच्या मनावर वाघाचा जो संस्कार होई, तो विपरीत असे. वाघ म्हणजे गुरगुरणारें, क्रूर, पण चाबकाच्या आवाजापुढें नमणारें जनावर, हा तो संस्कार. पिंजऱ्यासमोरचा संस्कारहि निराळा नव्हता. गजांमागें येरझारा घालणाऱ्या वाघाला माणसें हांका मारीत, खडे फेंकीत, तो डरकाळी कां फोडीत नाहीं म्हणून चिडत. आज वन्यप्राण्यांचे जाणकार ह्या येरझारांना बंदिवासाच्या मानसिक ताणाचें लक्षण समजतात; तेव्हां तीं खेळाचीं लक्षणें वाटत.

लोक पिंजऱ्यापुढें गर्दी करीत असतां मधल्या डोंगरांत काय चाललें होतें? मुंबई वाढत होती, आणि वाढत्या मुंबईची चूल कोंकणच्या रानावर पेटत होती. घरांस व गलबतांस सागवान लागे, स्वयंपाकास लांकूड व कोळसा लागे. आणि हा माल खाडीच्या वाटेनें बंदरांतून मुंबईस जाई. कातकरी व ठाकूर हे रानाचे जुने रहिवासी. त्यांतील कातकऱ्यांच्या हातीं पोटासाठीं कोळशाच्या भट्ट्या आल्या. रान विरळ झालें, तसें सांबर, भेंकर व डुक्कर कमी झालें; आणि ज्या डोंगरांत सांबर नाहीं, त्या डोंगरांत वाघ राहूं शकत नाहीं. १९२९ सालीं मुंबईच्या विहार तलावापाशीं एक वाघ मारला गेला. त्यालाच साष्टी बेटावरचा शेवटचा वाघ म्हणतात. पनवेलच्या डोंगरांतूनहि वाघ असाच गेला. त्याच्या जाण्याचा दिवस कोठें साजरा झाला नाहीं, कीं त्याबद्दल कोणी सुतक पाळलें नाहीं. एखादा प्राणी एखाद्या प्रदेशांतून नाहींसा होतो तो बहुधा असाच, गाजावाजा न होतां.

देशास जाग आली ती पुष्कळ उशीरा. चित्त्याची गोष्ट डोळ्यांपुढें होती : १९५२ सालीं चित्ता भारतांतून नष्ट झाल्याचें जाहीर करावें लागलें. वाघाची तीच गति होणार असें दिसूं लागतां १९७२ सालीं वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला. त्याच वर्षाच्या गणतींत देशांत अवघे १,८२७ वाघ निघाले. १ एप्रिल १९७३ रोजीं व्याघ्रप्रकल्पास प्रारंभ झाला आणि पहिल्या नऊ वनांत विदर्भांतील मेळघाटाची निवड झाली. पुढेंहि संकटें टळलीं नाहींत. राजस्थानांतील सरिस्का हें नांवाजलेलें व्याघ्रवन. परंतु चोरट्या शिकारीमुळें तेथें एकहि वाघ उरला नसल्याचें २००५ सालीं उघडकीस आलें. २००६ च्या गणनेंत देशांतील वाघांचा अंदाज १,४११ वर आला. त्यानंतर पहारे वाढले, गांवांचें पुनर्वसन झालें, मोजणीची रीत सुधारली. आणि २०२२ च्या गणनेंत हा अंदाज सरासरीनें ३,६८२ वर पोंचला. महाराष्ट्रांत २००६ सालीं १०३ वाघ होते, ते २०२२ सालीं ४४४ झाले. पूर्वीं पावलांच्या ठशांवरून मोजणी होई व आतां ती स्वयंचलित कॅमेऱ्यांच्या छायाचित्रांवरून होते; म्हणून अगदीं जुन्या आंकड्यांशीं तुलना जपून करावी. तथापि जगांतील रानवाघांपैकीं सुमारें तीन चतुर्थांश आज भारतांत आहेत, एवढी गोष्ट निःसंशय आहे.

पिंजऱ्याचाहि कायदा झाला. १९९२ सालीं केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण अस्तित्वांत आलें. प्राणिसंग्रहालयांतील जनावरास डिंवचणें, इजा करणें, खावयास घालणें, आरडाओरड करून त्रास देणें, हें सारें गुन्हा ठरलें. १९९८ च्या सरकारी अधिसूचनेनें वाघाचे खेळ करण्यास बंदी झाली आणि सर्कशीच्या तंबूंतून वाघ बाहेर पडला. पुण्यांत पर्वतीच्या परिसरांतच १९५३ सालीं पेशवे उद्यान झालें होतें. तेथील जनावरें पुढें कात्रजच्या विस्तीर्ण प्राणिसंग्रहालयांत नेण्यांत आलीं. राणीच्या बागेंत, म्हणजे आतांच्या वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानांत, मध्यंतरीं कित्येक वर्षें वाघच नव्हता. २०२० च्या फेब्रुवारींत औरंगाबादच्या सिद्धार्थ उद्यानांतून शक्ति व करिश्मा ही जोडी तेथें आणण्यांत आली. गजांची जागा झाडें, पाण्याचें डबकें व जाड कांच यांनीं घेतली.

घर सुधारलें, परंतु पाहणाऱ्याची दृष्टि सुधारली काय? २०१४ च्या सप्टेंबरांत दिल्लीच्या प्राणिसंग्रहालयांत एक तरुण पांढऱ्या वाघाच्या आवारांत पडला व प्राणास मुकला. वाघ कांहीं वेळ त्याच्यासमोर नुसता उभा होता; वरून लोकांनीं आरडाओरड केली, दगड फेंकले, असें तेव्हांच्या वृत्तांत आहे. वाघाची वागणूक समजून घेणारी चार माणसें त्या गर्दींत असतीं, तर कदाचित् निराळें कांहीं घडलें असतें. वाघाविषयींचें अज्ञान माणसाच्याहि जिवावर बेतूं शकतें, हा त्या प्रसंगाचा धडा आहे.

म्हणूनच पनवेलचा विद्यार्थी शाळेच्या सहलीबरोबर भायखळ्यास येऊन त्या कांचेसमोर उभा राहतो, तेव्हां त्याच्या पदरीं काय पडावें, ह्याचा विचार गांभीर्यानें व्हावयास पाहिजे. पाटीवर प्राण्याचें नांव, त्याचें शास्त्रीय नांव, आहार व आयुर्मान लिहिलेलें असतें. तेवढें पुरेसें नाहीं.

आरंभ नांवापासून करावा. मराठींत वाघ हा शब्द फार सैल वापरला जातो. अंगावर पट्टे असलेला तो पट्टेरी किंवा ढाण्या वाघ. अंगावर ठिपके असलेला तो बिबळ्या. लोकांच्या बोलण्यांत दोघेहि वाघच. पनवेलच्या आसपास आज एखाद्या वाडींत वाघ आल्याची आवई उठते, तेव्हां तो बहुधा बिबळ्या असतो. बिबळ्या कुत्र्यावर व कोंबडीवरहि गुजराण करूं शकतो, म्हणून तो वस्तीच्या कडेला टिकला. पट्टेरी वाघास मोठी शिकार व मोठें रान लागतें, म्हणून तो गेला. हा एक भेद नीट समजला, तरी कोंकणच्या रानाचा अर्धा इतिहास समजला.

त्यानंतर पट्ट्यांकडे लक्ष वेधावें. कोणत्याहि दोन वाघांचे पट्टे सारखे नसतात. माणसाच्या बोटांचे ठसे जसे निरनिराळे, तसेच हे. ह्याच खुणेवरून रानांतील वाघ ओळखतात व मोजतात. पांढऱ्या वाघाविषयींचा भ्रमहि येथेंच दूर करावा. तो निराळ्या जातीचा वाघ नव्हे. १९५१ सालीं रेवा संस्थानांत पकडलेल्या एका पांढऱ्या बच्च्याचा वंश जवळच्या नात्यांत जोड्या लावून वाढविण्यांत आला. त्यामुळें त्या वंशांत अनेक व्यंगें आलीं. तो पाहण्यास सुंदर असेल, पण वाघ वांचविण्याच्या कामीं त्याचा उपयोग नाहीं.

मग अन्नाचा हिशेब मांडावा, कारण मुलांस हिशेब पटतो. एका वाघाला वर्षाकांठीं हरणाएवढीं सुमारें पन्नास जनावरें लागतात. दरवर्षीं पन्नास गेलीं तरी कळप टिकावयाचा, तर रानांत सुमारें पांचशें जनावरें पाहिजेत. पांचशें जनावरांस गवत, पाला व पाणी पाहिजे. आणि त्यासाठीं उभें रान पाहिजे. शाळेच्या फळ्यावर हें गणित मांडतां येतें. पिंजऱ्यांत एका बादलींतून मिळणारें मांस रानांत केवढ्या पसाऱ्यांतून निर्माण होतें, हें त्यावरून मुलाला दिसतें. आणि रान तोडल्यावर वाघ कां उरत नाहीं, हें निराळें सांगावें लागत नाहीं.

जागेचाहि हिशेब असाच सांगतां येतो. यवतमाळ जिल्ह्यांतील टिपेश्वर अभयारण्यांत जन्मलेला एक तरुण वाघ २०१९ सालीं स्वतःसाठीं मुलूख शोधीत निघाला. त्याच्या गळ्यांत पट्टा होता, म्हणून त्याचा माग ठेवतां आला. शेतें, रस्ते व तेलंगणाची सीमा ओलांडीत तो बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यांत पोंचला आणि त्याची एकूण भटकंती ३,००० किलोमीटरांहून अधिक भरली. ज्या प्राण्यास एवढी भूमि तुडवावीशी वाटते, त्याच्या दृष्टीनें पनवेलच्या डोंगरांची आजची स्थिति कशी आहे? कळंबोलीपासून पुण्याकडे द्रुतगति मार्ग जातो. कर्नाळ्याच्या अभयारण्यांतून मुंबई-गोवा महामार्ग जातो. सभोंवार नवें शहर वाढतें आहे. सह्याद्रीची रांग नकाशांत सलग दिसते, परंतु जनावराच्या पायांस ती तुटक आहे.

आणखी एक गोष्ट सांगण्याचें टाळूं नये. कांचेपलीकडचा वाघ पाहून आनंद मानणें शहरवासीयांस फुकटांत मिळतें. त्याची किंमत दुसरे कोणी तरी भरीत असतात. चंद्रपूर जिल्ह्यांत मोहफुलें, तेंदूपाने व सरपण गोळा करण्यास गेलेलीं माणसें वाघाच्या हल्ल्यांत प्राणास मुकतात. गुरें तर नित्य जातात. माणसांवर हल्ले करणारे कांहीं वाघ जेरबंद होऊन नागपूरजवळच्या गोरेवाडा येथील केंद्रांत येतात व जन्माचे बंदी होतात. वाघ वाढले हा विजय खरा; परंतु त्यांच्या शेजारीं राहणाऱ्या गरीब माणसाला वेळेवर भरपाई, सरपणाऐवजीं दुसरें इंधन आणि रात्रीं सुरक्षित वाट मिळाली नाहीं, तर तो विजय टिकणार नाहीं. ज्याच्या दारीं वाघ येतो, त्याची संमति हेंच वाघाचें खरें कुंपण आहे.

ह्या बाबतींत शहराला रानाकडून शिकण्यासारखें पुष्कळ आहे. ठाणें व पालघर जिल्ह्यांत वारली लोक वाघोबाचीं ठाणीं पूजतात. अनेक आदिवासी जमाती दिवाळीच्या तोंडावर वाघबारस पाळतात. तेथें देव झाला म्हणून वाघ निरुपद्रवी होत नाहीं. त्याचें भय असतेंच; परंतु रानांत त्याचाहि वांटा आहे, ही जाणीवहि असते. तिकीट काढून वाघ पाहणाऱ्यास भय उरलेलें नाहीं. वांट्याची जाणीव मात्र त्याला नव्यानें द्यावी लागते.

प्राणिसंग्रहालयाची मर्यादाहि प्रांजळपणें सांगितली पाहिजे. पिंजऱ्यांत जन्मलेलें पिल्लूं रानांत सोडून भागत नाहीं. रानांतील वाघीण आपल्या बच्च्यांस सुमारें दोन वर्षें जवळ बाळगून शिकार शिकविते, माणसापासून दूर राहण्यास शिकविते. ती शाळा पिंजऱ्यांत नसते. म्हणून सह्याद्रींत वाघ पुन्हां वसवावयाचे ठरलें, तेव्हां ते रानांतूनच आणावे लागले. कोयना व चांदोली मिळून २०१० सालीं सह्याद्रि व्याघ्रप्रकल्प झाला, आणि २०२५ च्या नोव्हेंबरांत ताडोब्यांतील एक वाघीण चांदोलीच्या रानांत आणण्यांत आली. प्राणिसंग्रहालयांतील वाघ स्वतः रानांत परत जाऊं शकत नाहीं. मात्र त्याच्यासमोर उभें राहून गेलेलें मूल उद्यां मतदार, अभियंता किंवा अधिकारी होऊन रस्त्याखालून जनावरांची वाट ठेवावी कीं नाहीं, हें ठरवूं शकतें.

पनवेलकरांस ह्या शिक्षणाची दुसरी शाळा हाकेच्या अंतरावर आहे. कर्नाळा पक्षी अभयारण्य १९६८ सालीं स्थापन झालें. त्याच्या जडणघडणींत मारुती चितमपल्ली ह्या वनाधिकाऱ्यांचा हात होता. हेच चितमपल्ली पुढें मेळघाटच्या व्याघ्रप्रकल्पांत होते, आणि मराठी वाचकाला रानाची भाषा त्यांनींच वाचावयास शिकविली. २०२५ सालीं ते निवर्तले. कर्नाळ्यांत वाघ नाहीं. परंतु तेथें रान आहे. सहलीच्या मुलांना आधीं भायखळ्याचा वाघ दाखवावा आणि मग कर्नाळ्याच्या पायवाटेवर आणावें. तेथें पाणवठा दाखवावा, भेंकराच्या पावलाचा ठसा दाखवावा, समोरचा प्रबळगड दाखवावा, आणि ह्या डोंगरांत एके काळीं कोण राहत होता हें सांगावें. मग मुलें आपोआप विचारतील कीं तो गेला कसा, आणि त्याला परत यावयाचें झाल्यास वाट कोठून आहे. हा प्रश्न ज्या मुलाच्या मनांत उभा राहिला, त्याची सहल फुकट गेली नाहीं.